शिरेतून मिळणारे लोह

जिना चढताना दम लागतो, चेहरा फिकट दिसतो. घरचे म्हणतात, कामाचा शीण आहे. पण अनेकदा कारण असते रक्तातील लोहाची कमतरता आणि तिच्यामुळे होणारा रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सीमेवरचे बेळगाव ज्या कर्नाटकात आहे, तिथे हे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते.

लोहाच्या गोळ्या हा पहिला उपाय. मात्र मळमळ, बद्धकोष्ठता यांमुळे त्या मध्येच सुटतात.

मग शिरेतून लोह दिले तर? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह कर्नाटक आणि राजस्थानातील ४,३२० गर्भवतींच्या अभ्यासात हाच प्रश्न हाती घेतला. एका गटाला गोळ्या, तर दोन गटांना शिरेतून दोन वेगळी लोह-औषधे.

त्यांपैकी फेरिक कार्बोक्सिमाल्टोजची १००० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सलाइनमधून १५ मिनिटांत देता येते. क्वचित तीव्र ॲलर्जी होते, म्हणून ते तातडीच्या उपचारांची सोय असेल तिथेच द्यावे लागते आणि नंतर अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ते टाळतात.

रक्तक्षय आहे का, हे सांगणारी हिमोग्लोबिनची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.