डेबियन : अनेक हातांनी घडलेली प्रणाली

माजी विद्यार्थी मित्रहो आणि पालकहो,

आपल्या संगणककक्षात ‘डेबियन’ ही कार्यप्रणाली चालते. तिला कोणी धनी नाही. पर्ड्यू विद्यापीठातील इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. डेब्रा आणि इयन या दोन नावांतून तिचे नाव घडले. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ती घडवीत आहेत. आपला प्रमुखही ते दरवर्षी मतदानाने निवडतात. १९९७ साली त्यांनी समाजाला लेखी वचन दिले : ही प्रणाली सदैव मुक्त राहील आणि तिच्यातील दोष आम्ही लपविणार नाही. यातील दुसरे वचन शाळांनीही मनावर घ्यावे असे आहे.

तिची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी, इतरांना द्यावी. म्हणूनच बाजाराला परवडो वा न परवडो, तिच्या पडद्यावर मराठी येऊ शकते. मात्र कोणीतरी बसून ते शब्द लिहावे लागतात. महाराष्ट्राबाहेर ही मराठी शाळा साठ वर्षे टिकली, तीही अशाच हातांमुळे.

तुमच्यापैकी अनेक जण संगणकक्षेत्रात आहेत. महिन्यातील एक तास या अनुवादासाठी द्या. जी भाषा पडद्यावर दिसत नाही, ती मुलांना घरापुरतीच वाटू लागते.