घराची शोभा आणि परक्याची मोहर

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात शुक्रवार पेठ, सोलापूर येथे दिलेले व्याख्यान)



चिटणीस मंडळींनी आम्हांस 'गृहशोभा' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तोरणे, रांगोळ्या आणि फुलदाण्या असाव्यात. तथापि आज ज्ञातीतील एखाद्या नव्या घरात पाऊल टाकले असता प्रथम दृष्टीस पडते ते तोरण नसते, अक्षर असते. सोफ्याच्या उशीवर परक्या लिपीतील दोन अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. पडद्याच्या किनारीवर ग्रीक पुराणातील सर्पकेशी मेदुसेचे मुख असते. ती व्हर्साचे या इटालियन पेढीची खूण. भिंतीवरच्या चौकटीत एखाद्या देवाचे वा पूर्वजाचे चित्र असावे अशा अपेक्षेने जवळ जावे, तो तेथे पॅरिसच्या अत्तरवाल्याचे नाव. कपाटाच्या वरच्या फळीवर मोठ्या पेढ्यांच्या रिकाम्या कागदी पिशव्या व खोकी ओळीने मांडलेली आढळतात, आणि मधल्या मेजावर जाडजूड पुस्तके. त्यांतील एखादे पाहुण्याने उचलले तर ते हलके लागते, कारण ते पुस्तक नसून पुस्तकाच्या आकाराची पोकळ पेटी असते. पाठीवर पेढीचे नाव आणि आत हवा! अशा पेट्या आज बाजारात उघडपणे विकल्या जातात.

हा विषय थट्टेवारी नेणे सोपे आहे, परंतु आमचा तो हेतू नाही. आपल्यातील साठी उलटलेल्या पुष्कळ मंडळींचे बालपण एका खोलीत गेले. त्याच खोलीत माग, त्यातच चूल, मागाच्या खड्ड्यालगत अंथरूण आणि कोपऱ्यात कांड्या भरणारी आई. तेथे घर सजविण्याचा प्रश्नच नव्हता. माग जी जागा सोडील तेवढेच घर. त्या खोलीतून निघून जो तीन खोल्यांच्या सदनिकेत आला, त्यास आपण वर आलो हे जगास सांगावेसे वाटले तर त्यात गैर काय? शिवाय मुलीस पाहावयास मंडळी येतात, त्यांची नजर मुलीआधी दिवाणखान्यावरून फिरते, हेही आपण सर्व जाणतो. परक्या पेढीची मोहर ही अशा वेळी न बोलता ऐपत सांगणारी मध्यस्थ होऊन बसली आहे. उशीची खोळ चारशे रुपयांची आहे की चाळीस हजारांची, हे पाहुण्यास कळत नाही आणि तो विचारीतही नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. आपण कापड विणणारे लोक. साळी असोत, कोष्टी असोत, पद्मशाली असोत की मोमीन असोत, सोलापूरच्या विणकरास कापडावरील छाप म्हणजे काय हे इतरांहून अधिक ठाऊक असावयास हवे. म्हणून छापाचा थोडा इतिहास आज सांगण्याचे योजिले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड मुंबई बंदरात उतरू लागले, तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत कागद चिकटविलेला असे. त्यास 'तिकीट' म्हणत. गिऱ्हाइकास बहुधा वाचता येत नसे, म्हणून नावापेक्षा चित्रावर भिस्त. कोणी हत्ती छापी, कोणी मोर, कोणी वाघ. आणि पुढे चतुर व्यापाऱ्यांनी लक्ष्मी, कृष्ण, गणपती यांसच कामास लावले. गिऱ्हाईक दुकानात येऊन 'अमक्या छापाचे दे' म्हणे, आणि चित्र तेच असेल तर माल तोच, असा विश्वास धरी. ही चित्रे इतकी सुबक असत की कापड फाटून गेले तरी तिकीट जपून ठेवले जाई. कित्येक घरांत ते चौकटीत बसले, कित्येक घरांत देव्हाऱ्यातही गेले. ज्या कापडाने हातमागाच्या पोटावर पाय दिला, त्याच कापडाचे तिकीट भिंतीवर चढून उदबत्तीचा धूर घेऊ लागले! परक्या पेढीची खूण घरात शोभेसाठी लावण्याची प्रथा आजची आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

अर्थात त्या काळी घराच्या भिंतीसाठी दुसरी सोयही होत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यास चित्रशाळा निघाली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस छापखाना काढला व तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे गरिबाच्या घरीही पोचली. पण त्या चित्रापुढे घरधनी हात जोडी. छापखान्याचे नाव खाली बारीक अक्षरात असे आणि ते कोणी वाचीत नसे. आज चित्र गेले आहे आणि खालचे नाव तेवढे मोठे होऊन चौकटीत बसले आहे.

आता ज्या खुणेचे आपल्याकडे सर्वांत अधिक वेड दिसते तिच्याकडे वळू. लुई व्हिटॉन हा गृहस्थ पेट्या बनविणारा कारागीर. त्याने १८५४ साली पॅरिसमध्ये दुकान काढले. त्याच्या प्रवासी पेट्या उत्तम निघाल्या, आणि उत्तम निघाल्या म्हणूनच लोक त्यांची नक्कल करू लागले. १८८८ साली त्या पेढीने चौकटीच्या नक्षीचे कापड काढून त्यावर आपली नोंदलेली खूण असल्याचे शब्दच छापले. तरी नकला थांबेनात. लुई १८९२ साली वारला. त्यानंतर १८९६ साली त्याच्या मुलाने, जॉर्जने, बापाच्या नावाची दोन आद्याक्षरे व भोवती फुले अशी नक्षी काढली, ती इतरांस चोरता येऊ नये म्हणून. म्हणजे ही अक्षरे शोभेसाठी जन्मासच आली नाहीत. 'ही पेटी आमच्या हातची, तुटली तर आम्हांस विचारा' एवढे सांगण्यासाठी ती आली. आणि आज जगात ज्या नक्षीची चोरी सर्वांत अधिक होते त्यांत तीच अग्रभागी आहे, हा दैवाचा केवढा उपहास! आपल्या सोफ्यावर जी उशी आहे तिच्यावरील अक्षरे मात्र कोणासच उत्तरदायी नाहीत. त्या पेढीने ती उशी पाहिलेली नाही, आणि ज्याने ती शिवली त्याने आपले नाव लपविले आहे.

येथे आपल्या चादरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. जॅकार्डचा माग फ्रान्समधील लियाँ गावच्या विणकराने १८०४ च्या सुमारास सिद्ध केला. नकाशाच्या कागदावर चौकटी आखायच्या, एक चौकट म्हणजे एक धागा, आणि त्याबरहुकूम पत्त्यांना भोके पाडायची. पत्ता फिरेल तसा धागा उचलला जाईल. याच जॅकार्डवर सोलापूरच्या कारखानदारांनी मोर विणला, फुले विणली, आणि चादरीच्या काठाशी आपले नाव व गावाचे नाव विणले. ही गोष्ट नीट पाहण्याजोगी आहे. छापलेले नाव कापडाच्या एका अंगास असते व धुण्यात विटते. विणलेले नाव ताण्याबाण्यातच असते. एका बाजूने सुलट वाचता येते, दुसऱ्या बाजूने रंग पालटून उलट दिसते, आणि चादर फाटेतो जात नाही. त्या चार अक्षरांसाठी कोणीतरी नकाशा भरला, कोणीतरी पत्ते पाडले. आज संगणकावर चालणाऱ्या जॅकार्डने पत्त्यांचे श्रम वाचविले आहेत. तथापि नाव विणणे म्हणजे मालाची जबाबदारी घेणे, हा अर्थ बदललेला नाही.

पॅरिसची एर्मेस नावाची पेढी आहे. १८३७ साली ती घोड्यांचे साज बनवीत असे. ती आज एक लोकरी चादर विकते. लोकर व थोडी काश्मिरी पश्म यांची, जॅकार्डवर विणलेली, आणि तीवर पेढीचे आद्याक्षर मोठे करून विणलेले. किंमत लाख रुपयांच्या वर. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ती सोफ्याच्या पाठीवर अक्षर दिसेल अशा बेताने टाकतात. तिची नक्कल आपल्याकडेही सोफ्यावर टाकलेली आढळते. आणि त्याच घरातील सोलापुरी चादर कोठे असते? माळ्यावर, गाद्या बांधावयास! दोन्ही जॅकार्डच्याच, दोहोंवर विणलेलेच नाव. पॅरिसच्या चादरीची लोकर उंची आहे हे आम्ही मान्य करतो. पण तिच्या नकलेची लोकरही खोटी आणि नावही खोटे.

आता मुद्द्याची गोष्ट. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांस २००५-०६ च्या सुमारास भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. भारतातील अगदी आरंभीच्या नोंदींत आपल्या गावच्या या दोन वस्तू आहेत. या नोंदीचे मर्म पुष्कळांस ठाऊक नसते. व्यापारी मोहर विकता येते, गहाण टाकता येते, धनिक मंडळी एकमेकांकडून ती विकत घेतातही. भौगोलिक नाव मात्र कायद्याने विकताही येत नाही आणि गहाणही पडत नाही. ते कोणा एका शेटजीचे नाही. या भागात रीतसर माल काढणारा कोणीही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करू शकतो. असे धन आपल्या हाती असता परप्रांतातील यंत्रमागांवर हलक्या सुताची चादर निघते, तीवर सोलापूरचे नाव पडते, आणि यात्रेच्या गावी ती निम्म्या भावात खपते. घेणारा ती धुतो, रंग सुटतो, आणि तो शिव्या देतो त्या सोलापूरला. आपल्या कित्येक कारखानदारांनी चादर सोडून टॉवेल धरला, त्यास कारणे अनेक आहेत, परंतु हे त्यांतील एक निश्चित आहे. सभांमधून आपण यावर किती तावातावाने बोलतो! सभा संपवून घरी जातो आणि चोरलेल्या नावाच्या उशीवर डोके टेकतो.

कोणी म्हणेल, 'व्हिटॉनसारख्या धनाढ्य पेढीचे आमच्या उशीने काय बिघडणार?' फारसे बिघडत नसेल. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे खोटी खूण लावणारास व तसा माल विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. घरात वापरणाऱ्यास त्या कलमांची भीती नाही. कायदा आपल्या दिवाणखान्यात येत नाही हे खरे. पण 'मोठ्याचे नाव चोरले तर काय बिघडले' हे एकदा मान्य केले की, परप्रांतातला तो मागवाला सोलापूरविषयी नेमके हेच म्हणत असतो, त्यास आपण उत्तर कोणत्या तोंडाने देणार?

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडा पेढीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला झळकल्या आणि आरंभी कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रातून ओरड झाली. अखेर त्या पेढीस या चपलांचे मूळ भारतीय कारागिरीत आहे हे कबूल करावे लागले. कोल्हापुरी चपलेच्या नोंदीत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आहेत त्यांत आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. ती ओरड योग्यच होती. आपल्या पेठांतील तरुणांनीही त्या वेळी मोबाईलवर पुष्कळ लिहिले. त्यांतील काहींच्या पायी त्याच प्राडाच्या नावाच्या दोनशे रुपयांच्या चपला असतील, अशी शंका मात्र आम्हांस आली, असो.

खऱ्या परदेशी वस्तूंविषयी आमची तक्रार नाही. ज्यास ऐपत आहे त्याने पावती घेऊन खरी वस्तू आणावी, उपभोगावी. उत्तम काम कोठलेही असो, विणकराने ते हाती घेऊन उलटसुलट पाहावे, त्यात शिकण्यासारखे असते. मात्र लग्नाच्या आहेरात आणि रुखवतात खोट्या नावांचे संच मांडण्याची जी चढाओढ लागली आहे, आणि त्यापायी मुलीच्या बापास जे कर्ज होते, ते ज्ञातीने आवरावे. घेणाऱ्या पक्षानेच 'चादर सोलापूरची द्या, बाकी काही नको' असे एकदा स्पष्ट म्हटले, तर मुलीच्या बापाचा भार हलका होईल आणि आपल्याच कोणाच्या तरी मागावर चार दिवसांचे काम येईल.

भिंत रिकामी वाटत असेल तर तीवर लावण्याजोगे आपल्या घरांत काय आहे, याचा भगिनींनी विचार करावा. जॅकार्डच्या पत्त्यांचा जुना संच दोऱ्याने ओवलेला असतो. उजेडासमोर टांगला तर भोकांतून कवडसे पडतात, त्याहून सुंदर पडदा आम्हांस ठाऊक नाही. आजोबांचा धोटा आहे, फणी आहे, नकाशाच्या कागदावर हाताने भरलेला मोर आहे. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, पुढे लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या आल्या. तेथे राबलेल्या कोणाकडे गिरणीच्या कापडावरील तिकिटे अद्याप असतील. नाव विणलेल्या जुन्या चादरी तर घरोघर आहेत.

म्हणून आमची सूचना अशी की, पुढील वर्षीच्या संमेलनात सभागृहाची एक भिंत या वस्तूंसाठी मोकळी ठेवावी. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी असावी. तीत नकाशा कोणी काढला, पत्ते कोणी पाडले, माग कोणत्या पेठेत होता आणि अंदाजे वर्ष कोणते, एवढे लिहावे. ठाऊक नसेल तर घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस विचारावे, कारण कांड्या तिनेच भरलेल्या असतात. ज्यांच्या माळ्यावर पत्त्यांचे संच पडून असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्यास देण्यापूर्वी चिटणिसांस कळवावे. न्यावयास माणूस पाठविण्याची व्यवस्था केली जाईल.