कोठ्याचं दार

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "डॉक्टर, तू जन्मभर ढोरांचा दवाखाना सांभाळला, त्यातलं कामाचं काहीतरी बोल." आपल्यातले निम्मे आज पुण्या-नागपूरला आहेत. पण बहुतेकांच्या वावरात अजून एखादा कोठा आहे आणि तो सांभाळणारे आई-वडील साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत. बिबट आणि लांडग्यापासून तो कोठा कसा राखायचा, एवढंच मी बोलणार आहे.

आपल्या लहानपणी ढोरं गावात, घराला लागून बांधलेली असत. आता कोठे वावरात गेले आणि जागलीला माणूस उरला नाही. सोयाबीन निघालं तरी तूर उभी असते, त्यामुळे हिवाळ्यात जनावराला दडायला जागा असते. त्याच दिवसांत हरभऱ्याला पाणी द्यायला म्हातारा माणूस रात्री एकटा जातो.

वाशीम काही मोठ्या जंगलाचा जिल्हा नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांचं. पण जनावराला अभयारण्याची हद्द कळत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ विदर्भ-मराठवाड्याची शेतशिवारं ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एवढ्या वाटेत त्याचं पोट बऱ्याच अंशी गुराढोरांवरच भरलं.

बिबट दिसला की गाव म्हणतं, "पिंजरा लावा, घेऊन जा." हा उपाय जुन्नर भागात करून झालेला आहे. तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातला हा आकडा आहे. नवख्या मुलखात सोडलेला बिबट बावचळतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा घेतो. माणसावर धावणाऱ्या जनावराची गोष्ट वेगळी. तिथे वनविभागाला पाऊल उचलावंच लागतं. पण बकरी नेणाऱ्या बिबटावरचा इलाज पिंजऱ्यात नाही, कोठ्याच्या दारात आहे.

नोकरीत असताना एका कोठ्यावर मला बोलावलं होतं. भिंती पक्क्या, दाराला कडी, वर टिनं. पण भिंत आणि टिनांच्या मधे हवेसाठी दोन हातांची फट. बिबट तिथून आत उतरला. नऊ बकऱ्या मेल्या, खाल्ली फक्त एक. लोक म्हणाले, "हा माजलेला आहे." तसं नसतं. बंद जागेत बकऱ्या सैरावैरा पळत राहतात, आणि समोर पळणारं दिसतं तोवर शिकारी जनावर मारत राहतं. त्या घरातल्या मुलीची कॉलेजची फी त्या नऊ बकऱ्यांवर होती.

म्हणून कोठा बघताना आधी वर बघा, मग खाली. वरची फट जाड जाळीने बंद करा, हवा खेळती राहील. उघड्या वाड्यालाही वरून जाळी हवी. नुसतं कुंपण बिबट सहज चढतो. लांडगा आणि कुत्री खालून उकरतात, म्हणून कडेने फरशा किंवा दगड पुरा. पऱ्हाटीच्या कुडावर रात्र काढू नका. दार घट्ट बसणारं, लोखंडी पत्र्याचं असू द्या.

कुत्रं राखणीला चांगलं. पण बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबटाला आमंत्रण. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या अभ्यासात बिबटाच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. मेलेलं ढोर गावाबाहेर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. आणि कुंपणात लाइनीचा करंट कधीच सोडू नका. रानडुकरासाठी लावलेल्या तारेवर माणसं गेलेली आहेत. सौर झटका मशीन वेगळं. त्याचा झटका क्षणभराचा असतो.

जनावर मेलंच, तर ते हलवू नका. फोटो काढा, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा, १९२६ या हेल्पलाइनवरही सांगता येतं. पंचनामा होऊ द्या. बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती भरपाई मिळते. नरड्यावर सुळ्यांची खोल भोकं असली तर बहुधा बिबट; मागचे पाय, पुठ्ठे फाडलेले असले तर बहुधा कुत्री किंवा लांडगा. मोकाट कुत्र्यांचं पाप पुष्कळदा बिबटाच्या माथी बसतं. पण रागाच्या भरात मढ्यावर विष टाकू नका. बिबट आणि लांडगा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुरुंगाची पाळी येईल. वर त्या विषाने गावची कुत्रीही मरतात.

मित्रहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा आई-वडिलांसाठी कपडे न्यालच. या वर्षी त्यासोबत एक दिवस आणि एक टेप घेऊन जा. कोठ्याची फट मोजा, गावच्या वेल्डरला बोलवा, तुमच्यासमोर दार बसवून घ्या. रात्री उठून पाण्याला जाणाऱ्या वडिलांना चांगली बॅटरी आणि सोबतीला माणूस मिळवून द्या. शेजारच्या कोठ्याकडेही नजर टाका, कारण तिथला मुलगाही बाहेरगावीच असणार. शाळेने आपल्याला गावाबाहेर जायला शिकवलं, ते चांगलंच झालं. गावात मागे राहिलेल्यांची राखण मात्र आता आपल्यालाच लांबून करायची आहे.