एकखांबी तंबूचा खांब

(एका पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित सारांश)



चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. या तिघांच्या आधारावर शरीर उभे राहते, असा त्यामागील विचार आहे. माता आणि पिता या दोघांची कर्तव्ये ज्या घरात एकाच व्यक्तीला पार पाडावी लागतात, ते घर म्हणजे एकखांबी तंबूच. तेथे नेमके पहिले दोन उपस्तंभ सर्वांत आधी खचतात. स्वयंपाक वेळेवर होतो, पण करणाऱ्याला स्वस्थ बसून जेवायला सवड नसते. अंथरूण घातलेले असते, पण पुरेशी झोप मिळत नाही.

डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या एखाद्या विधवा मातेचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. पहाटे साडेचारला ती उठते. पाणी भरणे, डबे, मुलाचे दप्तर, सासूबाईंची औषधे हे सारे उरकून तिला सातची लोकल गाठायची असते. तिच्या वाट्याला येतो तो उभ्याने घेतलेला चहा आणि मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी. प्रवासात स्वच्छतागृहाची अडचण नको म्हणून ती पाणीही बेतानेच पिते. सायंकाळी परतल्यावर गृहपाठ, स्वयंपाक, विजेचे देयक, शाळेच्या सूचना. घटस्फोटानंतर एकटीने मूल वाढवणारी भगिनी असो वा पत्नीच्या निधनानंतर मुले सांभाळणारा पिता, त्यांची कहाणी फारशी निराळी नाही. त्या पित्याने तर ‘मी थकलो आहे’ असे म्हटलेले ऐकण्याचीही कोणाला सवय नसते.

अशा मातेचे आपल्याकडे कौतुक होते. ‘पोटाला चिमटा घेऊन मुलांना वाढवले’ या शब्दांत तिचा गौरव केला जातो. त्यात खोटे काही नाही; परंतु या गौरवाचा एक दुष्परिणाम आहे. उपाशी राहणे आणि दुखणे अंगावर काढणे हीच चांगल्या आईची ओळख, असे तिला स्वतःलाही वाटू लागते. वेळेवर जेवली, दुपारी घटकाभर आडवी झाली, तर तिला अपराधी वाटते. दोन पालकांच्या घरात एक आजारी पडला तर दुसरा घर सावरतो. येथे सावरणारा दुसरा नाही. म्हणूनच तिचे आरोग्य ही तिची खासगी चैन नसून मुलांच्या हक्काची ठेव आहे. ती ठेव मोडून केलेल्या त्यागाची किंमत पुढे मुलांनाच चुकवावी लागते.

चरकांनी तेरा ‘अधारणीय वेग’ सांगितले आहेत. म्हणजे शरीराच्या ज्या प्रेरणा बळाने रोखू नयेत, अशा. त्यांत मूत्र, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा यांच्याबरोबर अश्रूंचाही समावेश आहे. एकल पालक दिवसभरात यांतील किती वेग रोखून धरतो, हे त्याने एकदा मोजून पाहावे. पाणी कमी पिणे आणि लघवी रोखणे यांमुळे मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. प्रौढ व्यक्तीला रात्री किमान ७ तास झोप हवी, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. एखाद्या दिवशी भांडी सकाळपर्यंत राहिली तर घराचे काही बिघडत नाही. रोजचे जागरण मात्र रक्तदाब, चिडचिड आणि विसराळूपणा यांना निमंत्रण देते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सततचा थकवा, जिना चढताना लागणारी धाप यांचे खापर ‘कामाच्या दगदगीवर’ फोडले जाते. प्रत्यक्षात हिमोग्लोबिन कमी असू शकते. गर्भवती नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. अळीव, हिरव्या पालेभाज्या, डाळी व उसळी आहारात असाव्यात आणि त्यांवर लिंबू पिळावे. त्यामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, तो तासाभराने घ्यावा. मूल जेवायला बसेल तेव्हा पालकानेही स्वतःचे ताट वाढून घ्यावे. आईने शेवटी आणि उरलेले खायचे, हा संस्कार पुढच्या पिढीला देण्याचे कारण नाही.

मुलाचा वाढदिवस कोणी विसरत नाही. त्याच महिन्यात पालकाने स्वतःची वार्षिक तपासणी करून घेण्याचा नेम ठेवावा. वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी रक्तदाब व मधुमेह, तसेच मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या प्राथमिक तपासणीची तरतूद शासकीय आरोग्य केंद्रांत आहे. व्यायामासाठी निराळा वेळ मिळत नसेल, तर स्थानकापासून घरापर्यंत रिक्षाऐवजी भरभर चालत यावे. आठवड्याला १५० मिनिटे असा व्यायाम जागतिक आरोग्य संघटनेने सुचवला आहे; दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इतकेच ते होते.

मनाचे काय? चरकांनी अश्रू रोखू नयेत म्हटले, पण शोक, भय आणि क्रोध यांचे वेग मात्र आवरावेत, असेही सांगितले. एकदा मोकळे रडणे आणि दिवसेंदिवस दुःखात बुडून राहणे यांत फरक आहे. मात्र ते मोकळे होणे दहा वर्षांच्या मुलापुढे होऊ नये. मुलाने पाण्याच्या बाटल्या भराव्यात, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. आईच्या चिंतांचे ओझे त्याच्यावर नसावे. त्यासाठी एखादी मैत्रीण, बहीण वा भाऊ असावा. उदासी दोन-दोन आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशन मिळते.

आजारपण सांगून येत नाही. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे असावी. डॉक्टर, दोन नातेवाईक, नेहमीची औषधे, रक्तगट आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक यांची नोंद असलेला कागद भिंतीवर लावावा आणि तो मुलाला वाचून दाखवावा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार विधवा मातेला मृत्युपत्राद्वारे आपल्या अज्ञान अपत्यासाठी पालक नेमता येतो. हा विषय अशुभ मानून टाळला जातो. परंतु तो एकदा वकिलाच्या सल्ल्याने मार्गी लावला की रात्रीची झोप अधिक शांत होते.

एवढे सारे एकट्याने करावे, असे मात्र कोणी समजू नये. पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झाल्या, पदरी एक मुलगा होता. पुढे त्यांनी हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून निधी जमवला आणि १९१८ मध्ये त्या अमेरिकेलाही गेल्या. त्यांचे कर्तृत्व थोर आहेच; पण बहीण बाया कर्वे आणि मेहुणे महर्षी कर्वे यांचा आधार त्यांच्या पाठीशी होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

तो आधार देणे हे आज शेजारच्या घरांचे कर्तव्य आहे. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य पुरेसे नाही, कारण स्वाभिमानी माणूस कधीच सांगत नाही. ‘दर मंगळवारी मूल आमच्याकडे जेवेल’, ‘शनिवारी तुमच्याबरोबर दवाखान्यात येतो’ असे नेमके काम अंगावर घ्यावे. आणि एकल पालकानेही ते संकोच न करता स्वीकारावे. मदत घेतल्याने कोणी लाचार होत नाही.

एकाकीपणाही शरीर पोखरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. गावाने ठराव केला, तरी उंबरठा ओलांडून बोलावणे करायचे असते ते घराने. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या इमारतीतील विधवा आणि परित्यक्ता भगिनीच्या दारी सर्वांत आधी बोलावणे जावे आणि तिच्या हातीही वाण द्यावे. ते बोलावणे करायला कोण जाणार, हे येथे जमलेल्या प्रत्येक कुटुंबाने आजच घरी बसून ठरवावे.