दुसरी खिडकी



सरकारी रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीपुढे सकाळी लागलेली रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन एखादी बाई उभी असते. एखाद्या आजोबांनी नंबर धरायला पिशवी ठेवून भिंतीचा आधार घेतलेला असतो. दुसरी खिडकी मागितली, की उत्तर मिळतं, ‘आहे तो कारकूनच मधूनमधून रिकामा बसतो.’

हे उत्तर आज हिशेबाला लावून पाहू. समजा, तासाला सरासरी 54 माणसं येतात आणि एका केस पेपरला सरासरी एक मिनिट लागतं. म्हणजे तासाला 60 जणांची सोय आहे. तरी रांग का लागते? कारण माणसं घड्याळ लावून येत नाहीत. कधी पाच मिनिटं कोणीच फिरकत नाही, कधी आठ जण लागोपाठ येतात; आणि कारकुनाची ती रिकामी पाच मिनिटं नंतरच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी 1909 साली अशाच अवचित येणाऱ्या कॉलचं गणित मांडलं. 1917 साली त्यांनी थांबण्याच्या वेळेची सूत्रंही दिली. ती आपल्या खिडकीला लावली, तर प्रत्येकाला सरासरी 9 मिनिटं ताटकळावं लागतं. तासाला फक्त तीन माणसं वाढून 57 झाली, तर 19 मिनिटं! एसटीतून घोळका एकदम उतरला, तर याहूनही जास्त. उलट, त्याच 54 जणांसाठी दोन खिडक्या उघडल्या आणि दोन्हींना मिळून एकच रांग ठेवली, तर थांबणं उरतं सुमारे 15 सेकंद.

आता खर्च बघा. एका खिडकीपुढे सरासरी आठ माणसं खोळंबलेली असतात, म्हणजे दर तासाला लोकांचे आठ तास जातात. दुसरा कारकून बसवला, तर पगार वाढतो एका तासाचा. रांगेतल्या माणसाच्या तासाची किंमत कारकुनाच्या तासाच्या सातव्या हिश्शाइतकी धरली, तरी दुसरी खिडकी परवडते. पण पगार रुग्णालयाच्या वहीत चढतो, आणि मजुराचा बुडालेला रोज कुठल्याच वहीत चढत नाही. म्हणून तो शून्य धरला जातो. हा अन्याय आहे.

दुसऱ्या खिडकीनंतर दोन्ही कारकून निम्म्याहून अधिक वेळ मोकळे दिसतील, हे खरं. ते मोकळे असतात म्हणूनच आलेल्या माणसाचं काम लगेच होतं. शिवाय ही खिडकी दिवसभर लागतेच असं नाही. आठवडाभर दर पंधरा मिनिटांना किती माणसं आली, याच्या रेघा एका कागदावर ओढा. गर्दीचे तास आपोआप समोर येतील. तेवढ्यापुरती खिडकी उघडा. एरवी त्या कारकुनाला जुने केस पेपर लावायचं काम आहेच.