थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज मी ट्रकचालकांच्या विश्रांतीविषयी बोलणार आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी ड्रायव्हर असेल. वडील, काका, मामा. ते खेपेवरून आले की दोन दिवस नुसते झोपतात, आणि शेजारी म्हणतात, "काय झोपतो हा माणूस!" ही झोप कुठे राहून गेलेली असते, ते पाहू.

आधी कायदा. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, आणि त्यातल्या तरतुदी अशा होत्या. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम. लांब पल्ल्याच्या ठरावीक मार्गांवर फार तर १० आणि ५४. सलग ५ तासांच्या वर काम नाही. मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. एक दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास मोकळे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ सुद्धा चालकांच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं.

मग अडतं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, कायदा कुणाला लागू होतो. १९६१च्या कायद्याला ५ कामगारांची अट होती. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक भरपूर. तिथले चालक तेव्हाच बाहेर राहिले. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत हा कायदा सामावून घेतला, तेव्हा अट १० कामगारांवर गेली. दार आणखी अरुंद झालं.

दुसरं, तास कसे मोजतात. १९६१च्या व्याख्येप्रमाणे गाडी चालवण्याचा वेळ, तिच्याशी जोडलेली इतर कामं, आणि टर्मिनलवर १५ मिनिटांपेक्षा कमी नुसतं हजर राहणं, हे कामात धरायचं. आता बंदराच्या किंवा गोदामाच्या गेटबाहेर दहा तास रांगेत असलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. हिशेबात हा माणूस मोकळा. पण रांग पुढे सरकते. डोळा लागला तर नंबर जातो. डिझेल, माल, ताडपत्री, सगळ्याची राखण त्याच्याकडे. संडास गेटच्या आत, आणि ड्रायव्हर बाहेर. गाडी खाली होते तोवर रात्र झालेली असते आणि शेठचा फोन येतो, "निघालास का?" दिवसा शहरात अवजड गाड्यांना नो एंट्री असते, म्हणजे रात्रीच चालवायचं. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण गार केबिनमध्ये बसलं तरी रांग सरकतेच.

तिसरं, पैसे. बहुतेकांना मोबदला खेपेवर मिळतो. थांबलं की नुकसान चालकाचं. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर दोन चालक हवेत अशी अट होती, म्हणजे एकजण झोपला तर दुसरा चालवेल. ती अट २०१८मध्ये काढली गेली.

शरीर मात्र कुठल्याही परवान्याचं ऐकत नाही. पहाटे २ ते ५ ही झोपेची सर्वांत जड वेळ. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर गाडीवर कुणाचाच ताबा नाही. चहा आणि तंबाखू डोळे उघडे ठेवतात, झोप भरून काढत नाहीत.

मग सकाळी बातमी येते, "चालकाला डुलकी लागल्याने अपघात." वाक्य तिथेच संपतं. तो किती तास जागा होता, कुणी विचारत नाही. उलट लोक म्हणतात, हे ड्रायव्हर असेच, बेफिकीर, व्यसनी. इथे मला जातीची आठवण होते. गेटवर कुणी जात विचारत नाही, चालकांमध्ये सगळ्या जातिधर्मांची माणसं आहेत, हे मला माहीत आहे. पण लादलेल्या परिस्थितीला त्या माणसाचा स्वभाव ठरवायचं, ही युक्ती जातिव्यवस्थेनेच आपल्याला शिकवली. आपल्या आजोबांनाही घाणीत ढकलून घाणेरडे म्हटलं गेलं.

जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, असं बाबासाहेबांनी १९३६मध्ये मांडलं. गेटवर ती दिसते. गाडी लवकर खाली होत नाही म्हणून चालक हमालावर चिडतो, हमाल चालकावर, आणि दोघे मिळून क्लिनरवर. दोन तास उशिरा गेट उघडणाऱ्याला कुणी काही बोलत नाही.

विश्रांतीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी १८९०मध्ये त्या लढ्यातून मिळाली. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६च्या दुरुस्तीने कारखान्यातले आठवड्याचे तास ५४वरून ४८वर आले. ही सुट्टी, हे तास कुणी दयेने दिले नाहीत. आधी कुणीतरी तास मोजले आणि मागणी केली.

मोजणं अशक्य नाही. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्या ट्रकमध्ये जीपीएस असतोच. माल कुठे आहे हे शेठला मिनिटामिनिटाला कळतं. त्याच यंत्रावरून माणूस किती तास जागा आहे हेही कळू शकतं, फक्त ते कुणी पाहत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. घरातल्या किंवा वस्तीतल्या एका चालकाजवळ बसा आणि त्यांच्या एका खेपेचा हिशेब लिहून घ्या. चाक किती तास फिरलं, रांगेत किती गेले, सलग झोप किती मिळाली. आपण पहिल्यांदा शिकलो, आपल्याला अर्ज लिहिता येतो, कलम वाचता येतं. असे पन्नास हिशेब जमले तर कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवायला आपल्याकडे कागद असेल. त्यातली पहिली मागणी साधी ठेवू: रांगेतला वेळ कामाच्या तासांत धरा आणि गेटच्या आतला संडास ड्रायव्हरला उघडा करा.

जय भीम, जय सावित्री.