आर्तध्यानातून धर्मध्यानाकडे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दैनंदिन ताणतणाव या विषयावर बोलण्याची आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली. मी विद्वान नाही. कापडाचा व्यापारी आहे. म्हणून जे अनुभवले तेवढेच निवेदन करतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईला महापूर आला. २००५ च्या पुरात पाणी कोठवर चढले होते, याची खूण आमच्या सांगलीच्या दुकानातील भिंतीवर होती. तिच्या वरच्या फळीवर माल ठेवून आम्ही निर्धास्त राहिलो. पाणी त्या खुणेच्याही वर गेले. सणासाठी भरलेला माल चिखलात गेला.

काही दिवसांनी पाणी ओसरले. मनातील पूर मात्र ओसरेना. मध्यरात्री उठून मी देण्याघेण्याचे आकडे मांडीत बसे. घरच्यांवर विनाकारण चिडे. एके दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, सामायिकाला बसता, पण तेथेही हिशेबच करता!"

त्या सुमारास बस्तीतील स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय चालू होता. आचार्य उमास्वामींनी आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. नको ते वाट्याला आले म्हणून होणारी तळमळ, हवे ते दुरावले म्हणून होणारा शोक, शरीरपीडेची चिंता आणि पुढच्या सुखोपभोगाची लालसा. ऐकताना वाटले, हे तर माझ्याच मनाचे वर्णन आहे! माझ्या दुःखाला नाव होते : इष्टवियोग. जे बिननावाचे असते ते अथांग वाटते. नाव मिळाले की त्याला काठ दिसू लागतो.

तेव्हापासून एक नियम केला. सामायिकाच्या ४८ मिनिटांत हिशेब आठवला, तर त्याच्याशी झगडायचे नाही. 'हे आर्तध्यान' एवढे ओळखायचे आणि पुन्हा णमोकाराकडे वळायचे. सत्तावीस श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार, हा आपला कायोत्सर्ग. त्याने श्वास संथ होतो आणि मनही हळूहळू स्थिरावते. त्यानंतर कागदावर त्या दिवशी हातून होण्यासारखी तीनच कामे लिहायची. देणेकऱ्यांना स्वतःहून भेटून मुदत मागणे, हे त्यांतील पहिले काम होते. लाज वाटली, पण बहुतेकांनी मुदत दिली.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. झोप येईना, तेव्हा मी डॉक्टरांकडेही गेलो. त्यात धर्माला कमीपणा नाही. ताप आल्यावर आपण औषध घेतोच ना? आज तर १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही शासनाची विनामूल्य सेवा रात्रंदिवस उपलब्ध आहे. आपल्या घरातील तरुण, शेतकरी वा वृद्ध कोणी गप्प गप्प राहू लागले, तर उपदेश करण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचे ऐकून घ्या. हीदेखील अहिंसाच आहे.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. या वेळी जुन्या खुणेवर विसंबलो नाही. माल आधीच वरच्या मजल्यावर हलविला होता. नुकसान झाले, पण झोप गेली नाही. पूर येणारच नाही, असे मानणे म्हणजे आशा नव्हे. अनित्य भावना सांगते की काहीच टिकत नाही. मग संकट तरी कसे टिकेल? हा विश्वास बाळगून आजचे काम आज करणे, हीच खरी आशा होय.